खुडूक कोंबडी आणि कुयोकुयो

बाई, आम्ही तुला कधी आई म्हटलंच नाही. अख्खी गल्ली बाई म्हणायची, म्हणून आम्हीही. तू गेलीस तेव्हा रांगत असलेल्या माझ्या लेकीनं, तुझ्या नातीनं, मला एक जपानी शब्द शिकवलाय. कुयोकुयो. होऊन गेलेल्या गोष्टीची रुखरुख लावून घ्यायची, तेच तेच मनात घोळवायचं आणि कुढत बसायचं, याला तिकडची माणसं कुयोकुयो म्हणतात. आपल्या घालमेल, तगमग, हुरहुरीच्या भावकीतलाच शब्द. तो ऐकून मला हसूच फुटलं, कारण हे प्रकरण तू मिरजगावच्या आपल्या अंगणात केव्हाच निकालात काढलं होतंस, तेही एका कोंबडीला हाताशी धरून.

आठव, बारावीला फिजिक्समध्ये माझी दांडी उडालीय. मी अंगणातल्या चुलीमागच्या भिंतीला टेकून बसलेय, चार घास खाऊन उठतेय आणि परत तिथंच येऊन बसतेय. नेमकी त्याच दिवसांत आपली तांबडी कोंबडी खुडूक झाली. अंडी देणं बंद. रिकाम्या डालग्यात अंग फुगवून नुसती ऊब देत बसायची आणि जवळ गेलं की टोचायची. तू तिला उचललंस आणि बादलीत बुडवून काढलंस. "गार पान्यानं डोकं निवतं हिचं. तरी न्हाई उठली तर नाकात पीस घालायचं." मग माझ्याकडं बघून म्हणालीस, "दोघींच्या बी." मला असा राग आला तुझा! तू पाण्याला गेल्यावर मी त्या भिजलेल्या कोंबडीला फडक्यानं पुसलं, चुलीपुढं धरून कोरडं केलं, आणि ती पठ्ठी तुरुतुरु जाऊन पुन्हा डालग्यात बसली.

आता तू फाडून खाशील असं वाटलं होतं. तू कमरेवर हात ठेवून आधी तिच्याकडं पाहिलंस, मग माझ्याकडं. "बरं, बसायचंच हाय का? मग रिकामं न्हाई बसायचं." आपल्याकडं कोंबडा नव्हता, आपल्या अंड्यांतून पिल्लं निघणार नव्हती, म्हणून तू शेजारच्या काकूकडून पदरात अंडी घेऊन आलीस आणि एकेक करून तिच्याखाली सरकवलीस. आत जाऊन माझं पुस्तक आणलंस आणि माझ्या मांडीवर आदळलंस. "तिच्याखाली अंडी ठिवली, तुझ्याखाली हे. आता बसा दोघी, किती बसायचंय ते." तीन आठवड्यांनी डालग्यात चिवचिव सुरू झाली. माझं अंडं फुटायला ऑक्टोबरची फेरपरीक्षा उजाडली. आज मी संगमनेरच्या शाळेत तेच फिजिक्स शिकवते आणि चांगलं शिकवते. हे सांगायला मला कसला संकोच नाही.

तर तुझी नात. नर्सिंग झालं, जपानीचा क्लास झाला, तिकडच्या वृद्धाश्रमात काम करायचं तिनं ठरवलं. मोबाईलवर पहिली मुलाखत झाली. आजोबांना अंघोळ कशी घालशील असं त्यांनी विचारलं आणि हिला जपानीत एक वाक्य जुळेना. नकार आला. मग पडदे ओढून पोरगी खोलीत. "आई, मी कुयोकुयो करत बसलेय," असं म्हणून रडली आणि रडत रडतच मला त्याचा अर्थ सांगितला. हिचे बाबा म्हणाले, राहू दे, इथंच कुठंतरी नोकरी बघू. मी नाही ऐकलं. हिच्याखाली काय ठेवायचं ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शेजारच्या घरी नेलं. तिथल्या आजी वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. म्हटलं, यांना रोज अंघोळ घालायची आणि काम करताना तोंडानं फक्त जपानी बोलायचं.

आजी बिचकल्या. "काय बडबडती गं ही? शिव्या देती का काय मला?" आठवडाभरात मात्र त्यांचा सूर बदलला. "पोरीचा हात लई हलका हाय. बोलू दे तिला काय बोलायचं ते." दुसऱ्या मुलाखतीत नेमका तोच प्रश्न आला, आणि पोरगी अशी बोलत सुटली की आमच्या आजींच्या पाठीला खोबरेल लागतं, हेही त्या जपानी साहेबांना सांगून बसली. तिची निवड झाली, बाई.

उद्या ती निघते. बॅग भरलीय, शेंगदाण्याची चटणी दोन पिशव्यांत घट्ट बांधून दिलीय. येईल त्याला मी ठणकावून सांगतेय, पोरगी खमकी आहे, कुठंही टाका, निभावून नेईल. ते खरंच आहे. मला तिचा भरवसा आहे.

ती लोकरीचे मोजे घ्यायला बाजारात गेलीय. मी मात्र सकाळपासून तिच्या पलंगावर बसून आहे. शाळेत रजा टाकलीय, चहा निवून गेलाय, आणि माझ्याखाली ना अंडं आहे ना पुस्तक. हे लिहिलेलं कुठल्या पेटीत टाकणार मी? आत्ता तू दारात यावंस आणि विचारावंस, "बादली कुठंय गं?", एवढंच वाटतंय.