सताड उघडं दार

मंगळवार, ईलिंग, लंडन. जेवणं झाली, भांडी तशीच पडली आहेत.

आज पुन्हा तेच. खोलीचं दार सताड उघडं, दादा उंबऱ्याच्या आत उभा, आणि त्याच दारावर हळूच टकटक करतोय. फुटीरवाद्यांनी पळवून नेऊन खोलीत कोंडलं तेव्हा तो सरकारात सचिव होता. त्याच्या केबिनबाहेर लोक असे ताटकळायचे. सुटून माझ्याकडे विश्रांतीला आलाय. अंगावर ओरखडासुद्धा नाही. मग हे काय?

माझी नेहा स्वयंपाकघरातून ओरडली, "मामा, दार ओपन आहे! जस्ट ये ना बाहेर!"

टकटक.

माझा संयम संपला. "दादा, पोळ्या गार होताहेत. उद्या माणूस बोलावून हे दारच काढून टाकते."

तो घाबरला. एवढा मोठा अधिकारी! पुटपुटला, "नको गं. मग मी वाजवू कशावर?"

नेहा बघत होती, तरी मी दार ओढून घेतलं. आतून टकटक झाली. मी जरा थांबले. का थांबले? मग उघडलं.

दादा लगेच बाहेर आला. मान खाली घालून त्यानं मला, धाकट्या बहिणीला, हात जोडून नमस्कार केला.