अठ्ठावीस तोळे

लालबाग,
४ मार्च १९५६

प्रिय यशोदा,

शेजारचा धोंडू उद्या गावी निघालाय. त्याच्या हाती हे पत्र आणि फडक्यात बांधलेला एक दगड पाठवतो आहे. फडकं सोडण्याआधी पत्र वाच.

हा आपल्या रघुवीरचा जीवखडा आहे. दहाव्याला बाणगंगेवर मी सोडला तो दुसराच, याच आकाराचा. हा माझ्या खिशात होता.

स्मशानात धोंडूने आधी वेगळा दगड उचलला होता, भोकाभोकांचा. मी तो टाकायला लावला. चौथीपर्यंत शिकलेला असलो तरी डिग्रीवाले इंजिनियर बांधकामाचा दगड माझ्याकडून पारखून घेतात. पोराचा दगड मी असातसा कसा घेईन? घट्ट काळा निवडला, कुर्ल्याच्या खाणीतला असावा तसा. दहा दिवस त्यावर पाणी घातलं. अकराव्या दिवशी काट्यावर ठेवला. अठ्ठावीस तोळे. पहिल्या दिवशीही अठ्ठावीसच होते. पोरबंदरी दगडात वाळूचे आणि शिंपल्यांचे कण नुसते चिकटलेले असतात, मधल्या फटी एकमेकींत उघडतात, म्हणून शंभर तोळ्यांचा तुकडा बारा तोळे पाणी पितो. काळ्या दगडाचं तसं नाही. तो वितळलेल्या रसाचा थिजून झालेला, आत वाट म्हणून नाही. धोंडूच्या दगडाची भोकंही वाफेच्या बुडबुड्यांची, एकमेकांपासून बंद. पण वरच्या भोकांत निदान घोटभर पाणी थांबलं असतं. मी निवडलेल्या दगडावरून सगळं ओघळून गेलं. पोर दहा दिवस तहानलेला राहिला, माझ्या हुशारीपायी.

कावळा लगेच शिवला असं मी तुला सांगितलं, तेही खोटं. दोन तास भिंतीवर बसून होता. मुंबई महाराष्ट्राला मिळवल्याशिवाय राहणार नाही, असा शब्द धोंडूने दिला, चाळीतल्या सगळ्यांनी दिला. कावळा हलला नाही. तो कशासाठी थांबलाय ते मला ठाऊक होतं, पण चार माणसांत तोंड उघडेना. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

तू जाताना म्हणालीस, न सांगता गेला, विचारलं असतं तर थांबवला असता. यशोदा, त्याने विचारलं होतं. तू नळावर होतीस. मी पोरबंदरी तुकडा दिवसभर भिजवून नुकता पुसला होता. पुसल्याबरोबर वजन करावं लागतं, नाहीतर पाणी उडतं आणि आकडा चुकतो. तो दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, नाक्यावर सगळे जमलेत. तुम्ही नको म्हणालात तर नाही जात." मी काट्यावरून नजर हलवली नाही. म्हणालो, "दार लोटून जा. वाऱ्याने काटा हलतोय."

त्याने दार अगदी हळू लोटलं. तासाभराने गोळीबार झाला. आकडा मात्र बरोबर आला होता.

दगड तिथल्या खाडीत सोड. सोडण्याआधी एक रात्र माठातल्या पाण्यात ठेव, आणि हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव. मी इथे तीनदा प्रयत्न केला. जमलं नाही.

तू परत ये किंवा नको येऊस, ते तुझ्यावर.

तुझाच,
चिंतामणी