सुई फ्रीजमध्येच आहे

मालाड, सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

ति. मामांस,
दर्शनाचा सप्रेम जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आजच्या जमान्यात मी पोस्टाच्या रांगेत उभी राहते. रूमवरच्या मुली हसतात. हसोत. आई गोवंडीला बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि पाण्याचे हंडे स्वतःच चढवते.

नोकरीचं विचारलंत. मनोरीच्या बाजूला पार्क आहे, त्यातल्या 'जंगलपंगत' हॉटेलात मी अस्वल आहे. खरंच सांगते. ढोलूदादा. लोक जेवायला बसतात आणि आम्ही हत्ती, ससा, अस्वल होऊन टेबलाटेबलावर फिरतो, मुलांना मिठ्या मारतो, केक कापताना नाचतो. आत नुसती भट्टी असते. तोंडाच्या जाळीतून दिसेल तेवढंच दिसतं. नियम दोन: डोकं घातलं की बोलायचं नाही, आणि पाहुण्यांसमोर डोकं काढायचं नाही.

काल जे झालं ते डोक्यातून जात नाही. सहा नंबरच्या टेबलावर एका मुलीचा सातवा वाढदिवस होता. प्रांजल नाव. बुकिंग तिघांचं, आले दोघंच, ती आणि तिचे वडील. तिच्या आईला बरं नाही असं वेटरला सांगून त्यांनी तिसरं ताट परत पाठवलं. माणूस शांत, इस्त्रीच्या कपड्यातला, प्रत्येकाला थँक्यू म्हणणारा. केक झाल्यावर ते हात धुवायला उठले, तशी पोरीने माझ्या गळ्याला मिठी मारली आणि मानेपाशी तोंड आणून भराभरा बोलली. पप्पांनी आईला कालपासून बाथरूममध्ये कोंडलंय. तिची सुई फ्रीजमध्येच आहे. कोणत्याच माणसाला सांगायचं नाही असं पप्पा म्हणालेत, पण तू तर अस्वल आहेस.

मी मान डोलावली. ढोलूदादा मान डोलावतो, म्हणून. वडील आले, फोटो झाला, ते गेले.

ड्यूटी संपल्यावर सुपरवायझर किरणला सांगितलं. तो म्हणाला, मुलं वाट्टेल ते बोलतात, गेल्या महिन्यात एकाने हत्तीला आपली आजी चेटकीण आहे म्हणून सांगितलं होतं. आणि पाहुण्यांच्या घरच्या भानगडीत पडलीस तर घरी बसशील. मलाही वाटलं, फ्रीजमध्ये सुई कोण ठेवतं? पोरीने रचलं असेल. आज सुट्टी आहे. घरातले होते नव्हते ते कपडे धुतले, तरी तिचा गरम श्वास मानेवरून जात नाही. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. पत्र स्पीड पोस्टाने टाकते.

तुमची माया आहे तेवढी राहू द्या, जास्त मागत नाही.

तुमची भाची,
दर्शना

उदगीर, गुरुवार, १३ फेब्रुवारी

चि. दर्शनास,
जय भीम.

खुशाली नंतर. तुझं पत्र साडेअकराला हातात पडलं. वाचता वाचता अनवाणीच शेजारच्या अनिरुद्धकडे पळालो आणि त्याच्या फोनवरून तुला लावला. सात वेळा. आठव्यांदा पडद्यावर सेकंद पळायला लागले, तेव्हा तू उचललास असं समजून ओरडलो. तू काय बोललीस ते कळलं नाही. अनिरुद्धने फोन घेईपर्यंत तू ठेवला होतास, आणि आता तो बंद लागतो. हे पत्र उशिरा पोचणार हे कळतं, पण नुसतं बसवत नाही.

पोरी, एकतीस वर्षं मी आरोग्य केंद्रात औषधं वाटली. घरच्या फ्रीजमध्ये असते ती सुई इन्सुलिनची. त्या बाईला साखरेचा आजार आहे. अशा काही माणसांना चार दिवस ते मिळालं नाही तर माणूस राहत नाही. लेकरू रचत नव्हतं. सात वर्षांच्या लेकराला हे रचता येत नाही, त्याने ते रोज बघितलेलं असतं.

पोलिसांकडे जा. किरणला विचारू नकोस. मलाही विचारायला नको होतंस, रविवारीच जायचं होतंस.

राग आला तर नंतर धर. जपून राहा.

तुझा मामा,
धोंडिराम

गोवंडी, मंगळवार, १८ फेब्रुवारी

ति. मामांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

ती बाई वाचली नाही, एवढं आईने अनिरुद्धला फोन करून तुमच्यापर्यंत पोचवलंय. बाकीचं मीच सांगायला हवं.

तुमचा आवाज एवढा मोठा होता की कपडे बदलायच्या खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. मी हो म्हणत होते, निघाले म्हणत होते. वाढदिवसाचं कूपन पाठवायला पाहुण्यांचा पत्ता लिहून घेतात. किरणच्या टेबलावरची वही उघडली. पत्ता मुलुंडचा. किरण आडवा आला, त्याला ढकललं. खाडी ओलांडायला मार्व्याच्या बोटीत बसल्यावर कळलं की पायात अजून अस्वलाचे पंजे आहेत. बोटीतूनच पोलिसांना फोन केला, पत्ता दिला, मग बॅटरी संपली.

मी पोचले तेव्हा पोलीस दाराशी होते. बाप ऑफिसात, प्रांजल शाळेत. शेजारीण म्हणाली, प्रांजलची आई नीलाताई माहेरी गेल्यात असं तिचे वडील सांगत होते. दार तोडलं. मला आत सोडलं नाही. पोलीसबाई बाहेर आल्या आणि भिंतीला टेकल्या, तेव्हा मला कळलं. बाथरूमला बाहेरून कुलूप होतं. आत नळाचं पाणी, दुसरं काही नाही. फ्रीजच्या दारात इन्सुलिनची खोकी नीट ओळीने लावलेली. डॉक्टर म्हणाले, बुधवारी गेल्या असाव्यात.

मामा, बुधवारी. रविवारी, सोमवारी, मंगळवारी ती जिवंत होती. मी कपडे धूत होते.

बापाला ऑफिसातूनच उचललं. किरणने मला कामावरून काढलं, आणि पोलिसांना सांगतो की दर्शना मला असलं काही बोललीच नव्हती. पार्कच्या वकिलाचा फोन येऊन गेला: जबाबात किरणचं नाव घेतलं नाही तर परत कामावर घेतील. आई म्हणते, कोर्टकचेरी आपल्याला झेपायची नाही, गप बस. मला घास गिळवत नाही. तुम्ही म्हणाल ते करीन.

रागावलात तरी तोडू नका.

दर्शना

उदगीर, सोमवार, २४ फेब्रुवारी

चि. दर्शनास,
जय भीम.

तुम्ही म्हणाल ते करीन असं लिहिलंस, म्हणून दोन दिवस पेन उचललं नाही.

तुझी काहीच चूक नाही असं सगळे सांगतील. मी सांगणार नाही. तीन दिवस हातात होते, ते गेले. पण कुलूप तू लावलं नव्हतंस, हेही तेवढंच खरं. दोन्ही घेऊन राहावं लागेल.

एक गोष्ट मी तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितली नाही. शहाण्णव साली एक बाई भाजून केंद्रात आली. डॉक्टर रजेवर. मलम लावताना ती मला म्हणाली, सासूने रॉकेल ओतलं. बाहेर बाकावर तिचा नवरा बसलेला, गावातला वजनदार माणूस. मी रजिस्टरात लिहिलं, स्टोव्हचा भडका. चौथ्या दिवशी ती गेली. पोलीस आले, रजिस्टर बघून चहा पिऊन गेले. तेव्हा माझे कान चांगले होते, पोरी. मला सगळं ऐकू आलं होतं.

किरणचं नाव घे. स्वतःचंही घे, तीन दिवसांसकट. काम दुसरं मिळेल. कोर्टात बोलावतील तेव्हा मी येतो. मला एक अक्षर कळणार नाही, पण मी तिथे बसेन.

जेवत जा. मालनला सांग, भावाने सांगितलंय, पोरीला अडवू नकोस.

तुझा,
मामा

गोवंडी, सोमवार, १७ मार्च

ति. मामांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

जबाब दिला. किरणचं नाव, माझं नाव, वार, वेळ, सगळं. आई बरोबर आली आणि तीन तास बाहेर बसून राहिली. घरी आल्यावर तिने न विचारता पिठलं टाकलं. घाटकोपरला एका दवाखान्यात नंबर लावून द्यायचं काम मिळालंय. कोर्टाची तारीख लागली की कळवते.

प्रांजल आता सांताक्रूझला मावशीकडे, माधुरीताईंकडे असते. महिना झाला, त्या घराबद्दल कुणाशी एक शब्द बोललेली नाही. माधुरीताईंनीच मला बोलावलं. काल गेले.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि सांगितलं की ढोलूदादाच्या आत मी होते. तिने विचारलं, मी अस्वलाला सांगितलं त्या दिवशी आई होती का. मामा, मी सगळी वाक्यं तयार करून गेले होते, एकही कामाला आलं नाही. मी म्हणाले, हो, होती. मग तेव्हाच का नाही गेलीस, असं तिने विचारलं. मी म्हणाले, काम जाईल म्हणून घाबरले, आणि तुझं खोटं निघालं तर लोक हसतील म्हणून. माधुरीताई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

प्रांजल रडली नाही. खोटं नव्हतं, एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन चित्र काढत बसली. पुढच्या रविवारी येऊ का म्हणून विचारलं, तिने मान वर केली नाही. मी जाणार आहे.

निघायच्या आधी मी बाथरूमला गेले आणि सवयीने कडी लावली. लगेच दारावर दोन्ही हातांनी थापा पडायला लागल्या. उघडलं तर प्रांजल, घामाने भिजलेली, हातात अजून पेन्सिल. माधुरीताईंनी नंतर माफी मागितली. सांगायचं राहून गेलं म्हणाल्या. त्या घरात आता कुणीच कडी लावत नाही.

मामींना जय भीम. लिहीत राहा, मी वाट बघते.

तुमची,
दर्शना