टाकी लिहिलेली बादली

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: अभिमन दगा बोरसे, वय ६९ वर्षे, पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त, राहणार भंवरलालजींच्या इमारतीत दुसरा मजला, जळगाव.

मी वर नाव लिहिलेला इसम हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, स्वतःच्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. रक्तदाब थोडा वरच असतो, पण डोके ठिकाणावर आहे. माझी पत्नी सौ. सुलक्षणा हिचे याबाबत वेगळे मत असू शकेल. तिचे मत विचारण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती, आणि तो दोष माझा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात मुलगी चि. ममता हिने या कागदाप्रमाणे सर्व व्यवस्था पाहावी.

कलम १. घर. घर माझे नाही. दीड खोली, मोरी आणि दोन माणसे उभी राहतील एवढी गॅलरी, सगळे भंवरलालजींचे. अकरा वर्षे त्यांनी मला सांभाळून घेतले. गॅलरीतल्या ओल्या कचऱ्याच्या तीन माठांमधून एका श्रावणात अळ्या खाली त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उतरल्या, तेव्हा ते फक्त एवढे म्हणाले, "बोरसे साहेब, खत तुमचं, जिवाणू पण तुमचेच. माझ्या गिऱ्हाइकाला कशाला?" मी त्यांना तासभर पर्यावरण समजावले होते. त्या तासाबद्दल मी दिलगीर आहे. जागा रिकामी करताना माठ धुऊन द्यावेत आणि भिंतीला ठोकलेले सर्व खिळे काढून भोके बुजवावीत.

कलम २. माझी बँकेतली शिल्लक, ठेव आणि जे काही माझ्या नावावर निघेल ते सर्व सुलक्षणाचे. तिने त्यातून पहिल्यांदा कूलर घ्यावा. होय, कूलर. जळगावच्या मे महिन्यात अकरा वर्षे मी तिला कूलरशिवाय ठेवले, कारण कूलर दिवसाला चाळीस लिटर पाणी पितो असे मी मोजून काढले होते. माणूस किती पितो ते मी मोजले नाही. कूलर मोठा घ्यावा, आणि त्यात पाणी ओतताना माझी आठवण काढू नये.

कलम ३. वेळापत्रक. स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे पुठ्ठ्यावर चिकटवलेले "गृहव्यवस्थेचे वेळापत्रक" माझ्या हस्ताक्षरातले आहे. कारकुनाचे अक्षर, त्यामुळे सुंदर आहे. त्यात लिहिले आहे की नळ तिसऱ्या दिवशी येतो तेव्हा कोणती बादली आधी भरायची. तांदूळ धुतलेले पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतलेले तुळशीला, धुण्याचे दुसरे पाणी फरशीला आणि फरशीचे संडासात. डाळ साडेदहाला गच्चीवरच्या सौरपेटीत ठेवायची, दोनला उतरवायची. जुन्या पँटींच्या पिशव्या शिवायच्या. त्या पुठ्ठ्यावर एकूण सव्वीस कामे आहेत. मी आज चष्मा लावून पुन्हा पाहिले. सव्वीसपैकी माझे काम एक आहे: "देखरेख".

बाकीची पंचवीस सुलक्षणाने केली. तळमजल्याच्या नळावरून दोन जिने बादल्या तिने चढवल्या, सौरपेटीसाठी भर दुपारी गच्चीवर ती गेली, आणि तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी वेळापत्रकात "व्यायाम" असा रकाना वाढवला. लोक मला विचारायचे, "बोरसे आबा, एवढ्याशा भाड्याच्या जागेत कसं जमवता?" मी म्हणायचो, "नियोजन." छे! लिहितानाही कान गरम होतात. हा पुठ्ठा कोणालाही देऊ नये. ममताने तो आपल्या घरी तर अजिबात नेऊ नये.

कलम ४. किरकोळ. तिसऱ्या मजल्यावरचे स्वप्नील महाजन हे दर रविवारी पाइप लावून मोटार धुतात. त्यांच्याशी माझे पाच वर्षे बोलणे नाही. त्यांना माझा बादलीतला निळा मग द्यावा, सोबत काही बोलू नये. हे कलम मी लाज वाटून खोडणार होतो, पण एवढा एक राग मला राहू द्या.

सौरपेटी शेजारच्या शाळेला द्यावी. कपड्याच्या अठ्ठेचाळीस पिशव्या आहेत, ज्याला पाहिजे त्याने न्याव्यात. शिलाई सुलक्षणाची आहे हे प्रत्येकाला सांगून द्याव्यात.

कलम ५. ढाल. कपाटावर एक लाकडी ढाल आहे. तिच्यावर "हरित घर, प्रथम क्रमांक, सन २०२२" असे कोरलेले आहे. आमच्या कॉलनीच्या नागरिक मंडळाने ती मला दिली. ही ढाल मंडळाला परत करावी, आणि परत करताना पुढील मजकूर वाचून दाखवावा. मी जिवंतपणी हे वाचू शकलो नाही.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. सुलक्षणाच्या थोरल्या बहीण मोतीबाई, ज्यांना आम्ही दोघेही अक्का म्हणतो, शिरपूर तालुक्यातल्या बोरपाड्याहून डोळे दाखवायला आमच्याकडे आल्या होत्या. मोतीबिंदू होता, दोन दिवसांनी तपासणी होती. त्याच वेळी मुख्य जलवाहिनी फुटली आणि तिसऱ्या दिवसाचा नळ सहाव्या दिवसावर गेला. घरात दोन बादल्या चांगले पाणी उरले होते, नुकतीच तुरटी फिरवलेले, गाळ अजून खाली बसायचा होता म्हणून जरा गढूळसर दिसणारे. ते माळ्यावरच्या टाकीत चढवायचे होते. मी प्रत्येक बादलीवर तेलरंगाने तिचे काम लिहून ठेवले होते. एकीवर "झाडे", एकीवर "फरशी", एकीवर "संडास". आणि या दोन बादल्यांवर "टाकी".

"टाकीसाठी" असे लिहायला काय झाले होते? दोन अक्षरांचा रंग वाचवला.

अक्का चौथी शिकलेल्या आहेत. त्यांनी एकेक बादली वाचत पाहिली. पाणी एका कामातून दुसऱ्या कामाला जाते, हे त्यांनी दोन दिवसांत ओळखले होते. शेवटी "टाकी" आले. आमच्या अहिराणीत "टाकी दे" म्हणजे टाकून दे. बहिणीचे गुडघे दुखतात, तेवढाच हातभार, म्हणून त्या माउलीने दोन्ही बादल्या मोरीत ओतल्या.

नेमके त्याच वेळी मंडळाचे तीन परीक्षक घरात बसले होते. मी त्यांना माझ्या नियोजनाची वही दाखवत होतो. मोरीतून धो धो आवाज आला. मी धावलो आणि जो ओरडलो तो दोन मजले ऐकू गेला. अक्का रिकामी बादली हातात धरून म्हणाल्या, "आठे टाकी लिखेल शे ना, म्हनीसन टाकी दिधं."

परीक्षकांपैकी एक बाई पुण्याच्या होत्या. त्यांनी हसून मला विचारले, "काय म्हणाल्या त्या?"

मी म्हणालो, "काय की. खेड्याकडची बोली आहे, मला नाही समजत. निरक्षर माणूस घरात असला की असं होतं."

आता लिहितो ते नीट वाचावे. मला समजले होते. अक्कांचे वाक्य पूर्ण होण्याआधी समजले होते. माझी आई मरेपर्यंत अहिराणीशिवाय दुसरे काही बोलली नाही. मी तिच्या मांडीवर तीच भाषा शिकलो. चूक अक्कांची नव्हती, माझ्या लिहिण्याची होती, आणि तेही मला त्याच क्षणी कळले होते. पण समोर पांढऱ्या कपड्यांतली शहरातली माणसे बसली होती, आणि मला ही भाषा येते हे त्यांना कळावे याची मला लाज वाटली. आज मला त्या लाजेची लाज वाटते, आणि ती काही केल्या जात नाही.

अक्कांनी पिशवी भरली. डोळ्यांची तपासणी राहू दिली. दुपारी दोनची वेळ, बाहेर पंचेचाळीस अंश. सुलक्षणा पाण्याचा पेला घेऊन जिन्यापर्यंत धावली. अक्का म्हणाल्या, "राहू दे, तुमलेच पुरत नही." आमच्याकडे कोणी घरातून पाणी न घेता उन्हात निघून जाणे म्हणजे काय, हे खान्देशातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मी आत वही दाखवत बसलो होतो. पंधरा दिवसांनी ढाल मिळाली.

पुढे धुळ्याला अक्कांचे ऑपरेशन झाले. डोळा चांगला आहे असे ममताकडून कळते. त्या आमच्या घरी पुन्हा आल्या नाहीत.

कलम ६. सुलक्षणा. तिला मी काय देणार? त्या दिवसापासून ती माझ्याशी भांडली नाही. लग्नानंतर तीस-पस्तीस वर्षे मी तिला "शुद्ध बोल, शुद्ध बोल" म्हणून टोकत आलो. त्या संध्याकाळपासून ती माझ्याशी शुद्ध बोलू लागली. "जेवण तयार आहे." "पाणी आले आहे." "आपली गोळी घ्यायची राहिली आहे." तीन वर्षे झाली. आकाशवाणीवरच्या बातम्यांशी संसार करावा तसे वाटते. बहिणीशी फोनवर ती आपल्या भाषेत हसते, मी खोलीत गेलो की गप्प होते. हे मी मिळवले आहे, त्याची वाटणी करता येत नाही.

कलम ७. (खोडले.) माझ्या आईचा पितळी हंडा माझ्या मृत्यूनंतर श्रीमती मोतीबाई यांना देण्यात यावा आणि मयताने आपल्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली आहे, असे त्यांना ममतामार्फत कळविण्यात यावे.

खुलासा: खोडलेला मजकूर वाचता येईल असाच खोडायचा, हा दफ्तराचा नियम आहे, म्हणून वरील कलम तसेच ठेवले आहे. काल सकाळी मी कच्चा मसुदा टेबलावर ठेवून दाढी करत होतो. सुलक्षणाने तो उभ्याने वाचला. मी आरशातून पाहत होतो. कलम ५ ला तिने पदराने तोंड पुसले. कलम ७ शी आली आणि कागद टेबलावर आपटून म्हणाली:

"मरी गयावर माफी मांगशात का? जित्ता शेतस तं काय धाड भरनी?"

तीन वर्षांनी तिने माझ्याशी आपल्या भाषेत तोंड उघडले, ते असे. मी अर्ध्या दाढीनिशी तिथेच स्टुलावर बसलो. रडलो, हे लिहायला हरकत नाही. तिने माझ्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि म्हणाली, "ऊठा. सकायनी मोटर शे शिरपूरनी." म्हणजे आज सकाळची शिरपूरची बस.

म्हणून कलम ७ रद्द. ते काम मेल्यानंतर करण्यासारखे नाही.

पुढील मजकूर बोरपाडे येथे लिहिला आहे. आज सकाळी आम्ही दोघे इथे पोचलो. हंडा मी मांडीवर धरून आणला, बसमधल्या लोकांनी विचारले, मी काही सांगितले नाही. ओट्यावर बसलो तोच अक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, काठोकाठ भरलेला. माझ्याने तो उचलवेना. सुलक्षणाने कोपराने ढोसले तेव्हा प्यालो. अक्कांनी विचारले, "आखो लेवा?" मी आणखी घेतले.

मग मी तोंडाने माफी मागितली. अहिराणीत मागितली. शब्द अडकत होते, दोनदा सुलक्षणाने आठवण करून दिली. हंडा अक्कांनी ठेवून घेतला.

कलम ७ रद्द झाल्यामुळे या कागदातून अक्कांना आता काही मिळायचे नाही, तेव्हा त्या साक्षीदार होऊ शकतात. तसे मी त्यांना विचारले. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातला मजकूर कळावाच लागतो असे नाही. सही माझी आहे एवढे पाहिले की पुरते. मी ते सांगितले. अक्का म्हणाल्या, "पहिले वाची दाखाडा. तुमनं लिखेल माले समजत नही."

मी वाचले. ओट्यावर बसून, शेजारचे भिकन भाऊही ऐकत असताना, पहिल्या ओळीपासून सगळे. जिथे मराठी जड होती तिथे आमच्या भाषेत सांगितले. "मला समजले होते" या वाक्याशी आलो तेव्हा अक्कांनी हात वर केला.

"परत वाचा."

मी परत वाचले. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमनी माय कशी बोले, मी आयकेल शे. तुमले समजनं व्हतं, हाई माले तठेच समजनं व्हतं. तुम्हीन चिल्लावनात त्यानं काही नही वाटनं. पन समजीसन समजनं नही म्हनात, म्हनीसन मी पानी लिधं नही."

म्हणजे पाणी नाकारले ते माझ्या ओरडण्यामुळे नव्हे, समजूनही समजले नाही म्हणालो म्हणून. मी अजून मान वर केलेली नाही. तशीच खाली घालून पुढील सही करत आहे.

सही: अभिमन दगा बोरसे
ठिकाण: बोरपाडे, ता. शिरपूर, जि. धुळे
दिनांक: २९ मे २०२५

आमच्यासमक्ष लिहून ठेवणाराने सही केली व आम्ही त्याच्यासमक्ष सह्या केल्या.

साक्षीदार १: मोतीबाई हिलाल देवरे, रा. बोरपाडे. सही स्वतःच्या हाताने. मजकूर सर्व वाचून घेतला, कलम ५ दोनदा.

साक्षीदार २: भिकन सुका देवरे, रा. बोरपाडे. मजकूर ऐकला.