दोन सेकंद

प्रिय पत्नीस,

तू नाहीस हे ठाऊक असूनही लिहितो आहे, कारण हा आरोप आता दुसऱ्या कोणावर करता येत नाही.

अतिदक्षता विभागात सिस्टर दर तासाला तुझे नख दाबून सोडत आणि पांढरे पडलेले नख पुन्हा गुलाबी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजत. अगदी बारीक रक्तवाहिन्यांत रक्त पोहोचते की नाही, हे त्यावरून कळते. मी विचारले की उत्तर ठरलेले: “दोन सेकंद, काका. छान आहे. जेवून या बघू.” माझ्या घड्याळात मात्र पाच भरत. संशय मला तेव्हापासूनच होता.

आज रुग्णालयाने नातेवाइकांसाठी दिलेली खोली सोडून कागदपत्रे घ्यायला गेलो, ते तक्रार अर्ज खिशात घालूनच. तुझ्या नोंदींच्या तक्त्यात पाच, सहा, शेवटच्या दुपारी आठ, असे सारे खरे लिहिलेले होते. खोटे फक्त मला सांगितले गेले होते.

“शुद्धीत होत्या तेव्हा बाईंनीच बजावलं होतं,” सिस्टर म्हणाल्या.

“पुराव्याशिवाय मी मानणार नाही.”

“म्हणाल्या, ‘आमच्या परीक्षकांना दोनच सांग. तीन ऐकलं तर जेवायचे नाहीत, आणि वर तुझेच गुण कापतील.’”

परीक्षक! घरात मला ठेवलेले हे नाव तू चारचौघांत कधी घेतले नव्हतेस.

त्या दुपारीही दोन ऐकून मी निर्धास्तपणे जेवायला गेलो होतो. परतलो तेव्हा तुझा हात चादरीखाली झाकलेला होता. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, याबद्दल तुला क्षमा करणे अजून जमलेले नाही. अर्ज खिशातच आहे.

तुझा,
परीक्षक

ता. क. खोलीला कुलूप लावले आणि चाव्या सिस्टरांकडे परत केल्या.