चारी बाजूंनी आवाज

२७ एप्रिल, रविवार
प्राजक्ताचा पुण्याहून फोन. दहा मेला येतेय, अठराला परत. त्यातले दोन दिवस अमरावतीला आमच्याकडे, बाकीचे अकोल्याला मावशीकडे. दरवर्षी हेच. लेक माझी आणि सुट्टी माझ्या साडूच्या घरी! फार लागलं मनाला. कारण विचारलं, तर म्हणाली, बाबा, तिकडे पिक्चर बघताना नीट ऐकू तरी येतं.

म्हणजे प्रॉब्लेम टेक्निकल आहे. आपल्या टीव्हीचा स्पीकर कमजोर. साडू ओमप्रकाशने जुन्या शहरातल्या घरात भिंतीभर सहा डबे टांगलेत.

संकल्प: दहा तारखेच्या आत साउंडबार.

२८ एप्रिल
अभ्यास सुरू. यूट्यूबवर अकरा व्हिडिओ. आपल्याला ऑल-इन-वन हवा. एकच लांब पट्टी, त्यातूनच चारी बाजूंनी आवाज. एसटी स्टँडवर सव्वीस वर्षं अनाउन्समेंट केलेल्या माणसाला आवाजातलं कळतं.

संध्याकाळी सीरियल चालू असताना बायकोला, जमुनेला, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, सासू काय बोलली ते मले ऐकूच नाई आलं. बघा! स्पीकर गेलेलाच आहे.

२ मे, सकाळी ११
राजापेठेतलं दुकान. सेल्समन जहीर. चाळिशीचा, सज्जन, पण ज्ञान बेताचं. त्याने डेमो लावला. सबवूफर म्हणजे काय, हे मीच त्याला वीस मिनिटं सांगितलं. शेवटी हात जोडून म्हणाला, चाचा, दो मिनट चुप बैठके सुन तो लो.

माल चांगला असता तर हात जोडावे लागले नसते. मॉडेल बाद.

५ मे
आणखी तीन दुकानं. कुलर चालू असताना किती ऐकू येईल, हे एकाही खोक्यावर छापलेलं नाही. पंचेचाळीस डिग्रीत कुलर बंद करून पिक्चर कोण बघतो? या कंपन्यांनी वऱ्हाड पाहिलेलंच नाही.

८ मे
फिरून शेवटी जहीरकडेच. बाद केलेलंच मॉडेल घेतलं. तो घरी येऊन बसवून गेला. खिडकीच्या काचा थरथरतात. त्याच्यावर आवाज काढून बोलावं लागतं, पण ती सवय आहे.

१० मे, शनिवार
प्राजक्ता आली. उद्घाटन. पिक्चर जंगलाचा, अगदी सेमाडोहसारखं रान. वाघ कोणत्या बाजूने येणार हे मी दर वेळी आधीच सांगत होतो, म्हणजे सराउंड साउंड कसा चालतो ते दोघींना कळेल. इंटरव्हलच्या आत प्राजक्ता कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत गेली.

सेटिंग चुकलंय.

११ मे
सेटिंग सात वेळा बदललं. प्राजक्ताने बॅग भरली. उद्या सकाळी अकोला. फुल व्हॉल्यूम लावून साउंडबारचे सगळे फायदे तिला परत एकदा ओरडून सांगितले. रात्री घसा बसला.

१२ मे, सोमवार
आवाज शून्य. डॉक्टर म्हणाले, चार दिवस एक शब्दही नाही. जमुनेने पाटी-पेन्सिल आणून दिली. प्राजक्ता माझ्यासाठी एक दिवस थांबली.

१३ मे
चमत्कार! तिघांनी मिळून अख्खा पिक्चर पाहिला. प्राजक्ता हसली, रडली, शेवटी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. सेटिंग एकदाचं बसलं.

१४ मे
आज दोन पिक्चर. प्राजक्ताने स्वतःहून मावशीला फोन केला, या वेळी अकोल्याला जमत नाही म्हणून. जिंकलो! ओमप्रकाशला साउंडबारचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, सहा डब्यांचे दिवस गेले.

१५ मे, गुरुवार
ओमप्रकाशचं उत्तर आलं. भाऊ, याचा लाइट काहून बंद आहे?

जाऊन पाहिलं. प्लग काढलेला. जमुनेला पाटीवर लिहून विचारलं. ती म्हणाली, मंगळवारी सकाळीच काढला. कुलरचा पॉइंट गेला होता, म्हणून कुलर तिथं लावला. तुमाले सांगायचं राहून गेलं.

मंगळवार म्हणजे तेरा तारीख. तीनही पिक्चर टीव्हीच्या त्याच कमजोर स्पीकरवर पाहिले. वरून कुलर चालू.



संध्याकाळी ६
डॉक्टरांचा फोन, स्पीकरवर. घसा ठीक असेल तर उद्यापासून बोलायला हरकत नाही. प्राजक्ताने विचारलं, अठराला माझी गाडी आहे, तोवर बाबांचं मौन वाढवता येईल का? डॉक्टर म्हणाले, काही त्रास होतोय का? जमुना मधेच म्हणाली, नाई जी, आमी मजेत आहो.

दोघी माझ्याकडे बघत होत्या. पाटीवर लिहिलं, चालेल.