जोतिबावरचा फोटो

३ फेब्रुवारी, मंगळवार

मोहित जेवता जेवता उठला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. "आई, हे काय आहे?"

मी आणि चन्नाप्पा. जोतिबाच्या पायऱ्यांवर, दोघंही गुलालानं माखलेले, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. त्यांनीच रविवारी फेसबुकवर टाकलेला. मला आवडला होता. अजून आवडतो!

कुणीतरी तो इचलकरंजीला विश्वजितच्या आईला पाठवला. तिचा मोहितला फोन — "आमच्या पोराची सासू कुणाबरोबर गुलाल खेळती, ते तरी सांगा!" विश्वजित म्हणजे माझ्या लेकीसाठी, अवनीसाठी आलेलं स्थळ. मोहितनंच आणलेलं.

"अठ्ठावन्न वर्षांची आहेस तू! दादा म्हणून मी काय काय निस्तरू?" अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असा ओरडला.

यांना जाऊन नऊ वर्षं झाली. जोडीदार शोधायच्या अ‍ॅपवर मी स्वतः नाव घातलं, चन्नाप्पा तिथंच भेटले. नेसरीचे. पाइपांचं दुकान, बायको वारलेली. चोरी केली नाही मी.

५ फेब्रुवारी

मोहितचं फर्मान. अ‍ॅप काढायचं. फेसबुकवरचे माझे फोटो काढायचे, तिथं बाबांचा हार घातलेला फोटो लावायचा. "तुझं नाव शोधलं की तोच दिसला पाहिजे."

म्हणजे आधी विधवा दिसायची, मग मी!

"माझाच हार घातलेला लाव की," म्हटलं. "कायमची कटकट मिटेल."

अवनी खाली मान घालून बसलेली. बिचारी. तिच्याकडं बघून ताट भिरकावलं नाही, एवढंच.

६ फेब्रुवारी

पाठवणारी शालूबाईच! समोरच्या दारातली. फोटोखाली "झकास जोडी" लिहिणारी तीच. गेटवर गाठली आणि चार बायकांसमोर धुतली. दुसऱ्याच्या लेकीचं वाटोळं करून काय मिळालं, तुमची स्वतःची सून का पळाली ते आधी बघा, असलं काहीबाही बोलले.

"अवो, मला फोटो पाठवायला तरी येतंय का?" म्हणाली. डोळ्यांत पाणी. नाटकी बाई!

८ फेब्रुवारी, रविवार

सगळं काढलं. मोहित शेजारी उभा राहून बघत होता. आता माझ्या नावाखाली यांचा फोटो, चंदनाचा हार.

मग चन्नाप्पांना फोन केला. तुम्हीही काढा म्हटलं.

"फोटो काढतो की. त्यात काय हाय. पण कालिंदीबाई, मलाबी काढायचं काय?"

"तात्पुरतं. अवनीचं लग्न होईपर्यंत."

"मग नातू हुईपर्यंत. मग त्येची मुंज. मी सत्तरीला येतोय, बाई."

मी चिडले. तुम्हाला काय कळणार, तुम्ही पुरुष, तुम्हाला कोण विचारतंय, असं बोलले. ते ऐकत राहिले. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. भांडले असते तर बरं वाटलं असतं!

१० फेब्रुवारी

इचलकरंजीचा नकार. एवढं करूनही!

मोहित म्हणाला, "झालं समाधान?" अवनीनं मागून येऊन मला मिठी मारली. माझ्यामुळं हिचं मोडलं आणि हीच मला जवळ घेते. मोहितपेक्षा लाखपटीनं शहाणी पोर.

११ फेब्रुवारी

चन्नाप्पांचा फोन नाही. मीही केला नाही. मेले सगळे!

१३ फेब्रुवारी

राहवेना. विश्वजितच्या आईला फोन लावला. नकार दिलात, ठीक. पण फोटो पाठवणाऱ्याचं नाव तुमच्या तोंडून सांगा, आमच्या समोरची शालूबाईच ना, मला ते तिच्या तोंडावर फेकायचंय, असं म्हटलं.

बाई पहिल्यांदा टाळत होती. मी आवाज चढवला तशी तिनंही चढवला. "तुमच्या लेकीनंच की हो! तिच्याच नंबरवरनं. खाली लिवलंय, आमच्या घरातलं हे असं हाय, इचार करून ठरवा. तुमच्या पोराला नाव सांगितलं न्हाई, ते तुमच्या घरात आग नको म्हणून."

फोन कधी ठेवला, आठवत नाही.

१४ फेब्रुवारी

अवनीला विचारलं. नाकारलं नाही तिनं.

"मला तो नको होता. दादाला सांगितलं, तो ऐकेना. तुला दोनदा सांगितलं, तू 'बघू' म्हणालीस. तुझ्यामुळं मोडलं म्हटल्यावर मला कोण काही विचारणार नव्हतं."

एवढं बोलून माझ्याशेजारी मेथी निवडायला बसली. मी उठले नाही. भाजीला हातही लावला नाही.